सायकलवाल्याचा रोजनामा

४ जून

भिंगरी,

माझी तब्येत ठणठणीत, मामीची कुरकुर ठणठणीत, तेव्हा खुशाली आटोपली. फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि ऐकायला कुणी उरत नाही. शिवाय वकिलाचं म्हणणं लेखी असावं.

सरकारची नवी योजना तुझ्या कानावर आलीच असेल. ज्याला वकील परवडत नाही त्याला आजवर आपल्यासारख्यांच्या यादीतून एक वकील नेमून मिळायचा. आता यादी बंद होणार. त्याऐवजी पगारी वकिलांचं बचाव कार्यालय, पूर्ण वेळ, खाजगी काम करायला मनाई. कागदावर सगळं गोड दिसतं. पण आरोप ठेवणारा सरकारच्या पगारावर आणि बचाव करणाराही सरकारच्याच पगारावर, तर भांडायचं कुणी कुणाशी? आणि तुझ्यासारख्या पोरी कोर्टात उभं राहायला शिकल्या त्या यादीतल्या खटल्यांवरच ना?

वकील संघाचा अध्यक्ष म्हणून सरकारकडे लेखी म्हणणं मला द्यायचंय. त्यात नुसती तत्त्वं नकोत, एक खरा माणूस हवा. तो माझ्याकडे आहे. आपला सायकलवाला. तू माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर पाच वर्षं बसलीस तेव्हा ही गोष्ट पन्नास वेळा ऐकली असशील. एकतीस वर्षांपूर्वी, तुझ्या त्या लहान गावच्या कोर्टात, चोरीच्या आरोपातून मी त्याला सोडवलं. साफ निर्दोष. तीन तास प्रवास करून जात होतो त्याच्यासाठी, आणि कुणाचं काही देणं-घेणं नव्हतं.

त्या निकालाची प्रत काढून पाठव. रोजनामा वगैरे नको, दर तारखेची ती एकेक ओळ कोण वाचत बसतं? निकाल पुरे.

तुझा,
मामा

१३ जून

मामा,

नमस्कार, आणि साष्टांग उधार. कंबर धरली आहे.

तुझ्या निकालासाठी तीन दिवस जुन्या कागदांच्या खोलीत घालवले. तिथली दप्तरदारीण मोठी कडक बाई आहे. नाकावर रुमाल बांधून बसते आणि वकिलांना बाहेरच्या बाकावर बसवते. शेवटी तिला माझी दया आली. प्रत सोबत आहे. बाकीचे कागद मागितले नाहीत, तू नको म्हणालास म्हणून.

पगारी वकिलाबद्दल तू म्हणतोस त्यात तथ्य आहे. पण यादीचं काय चाललंय ते इथे बसून रोज पाहते, म्हणून माझ्या तोंडून यादीची आरती ऐकायची अपेक्षा करू नकोस. परवाच एक फाइल माझ्याकडे आली. एक शिवणकाम करणारी बाई आहे. कारखान्यातली दोन यंत्रं चोरल्याचा आरोप. आठ महिने आत आहे. यादीतला तिचा वकील तिला एकदाही भेटलेला नाही. त्याचं नाव विचारलं तर म्हणाली, "वकील आहे का मला?" आता तो फाइल परत करून मोकळा झाला आणि ती माझ्या नावावर चढली.

घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली. शेजारीण दोन वेळचं जेवण आणि औषधपाणी बघते, पण ती शेजारीण जुलैच्या पंधरा तारखेला घर सोडून लेकीकडे चालली आहे. जामिनाची तारीख नऊ जुलै लागलीय. संघ म्हणे बहिष्कार वगैरे घालणार आहे. मधे घालू नका म्हणजे झालं.

तुझी,
भिंगरी

१७ जून

भिंगरी,

निकाल मिळाला. वाचताना ऊर भरून आला म्हटलं तर मामी हसते, पण आला. "आरोपीविरुद्ध कोणताही पुरावा शाबित होत नाही." काय वाक्य आहे. म्हणण्याच्या पहिल्याच पानावर घेतलंय. तीन दिवस धूळ खाल्लीस त्यावरून कळलं, तोंडाने काहीही बोललीस तरी मनाने आमच्याच बाजूची आहेस.

बहिष्काराचा ठराव परवा झाला. एक जुलैपासून योजना मागे घेईपर्यंत संघाचा एकही सभासद मोफत मदतीच्या कामात उभा राहणार नाही. जो राहील त्याचं सभासदत्व जाईल. वकिलीची सनद शाबूत राहील, तिला हात लावायचा अधिकार संघाला नाही, पण टेबल, कपाट, ग्रंथालय सगळं जाईल. ठराव कडक आहे, मी मांडलाय. सरकारला दुसरी भाषा कळत नाही.

तुझ्या शिवणवालीची तारीख पुढे घे. पंधरा दिवस, महिना. मुदतीचा अर्ज दोन ओळींचा असतो, तुला काय शिकवायचा? आठ महिने गेले तिथे आणखी पंधरा दिवसांनी काय बिघडतं?

मामा

२४ जून

मामा,

काय बिघडतं ते लिहिते, लेखी असावं म्हणून.

मी काल तुरुंगात जाऊन तिला भेटले. भेटीच्या खोलीत मधे जाळी आहे आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा माणसं एकदम ओरडत असतात. मी तिला तुझा सल्ला सांगितला. तुझं नाव नाही घेतलं, "असंही करता येईल" एवढंच म्हणाले. ती ओरडली नाही. जाळीला तोंड लावून म्हणाली, "शेजारीण गेल्यावर आईला पाणी कोण देणार, ते तुम्ही तारखेच्या कागदावर लिहून घ्या." मग माझ्याकडे बघत उभी राहिली. असलं कागदावर कसं लिहायचं? पाच वर्षं तुझ्या टेबलावर बसून एवढंही शिकले नाही म्हणायचं.

मी नऊ तारखेला उभी राहणार. इथल्या शाखेला आजच तसं लिहून दिलंय, पाठीमागून कळायला नको. तुझा ठराव कडक आहे, ठीक आहे, मीही तुझीच भाची आहे. संघाला योजनेशी भांडायचं तर जरूर भांडा, मीही सही करते. पण भांडण सरकारशी आणि उपाशी ठेवायचं त्या म्हातारीला, हा कुठला न्याय?

भिंगरी

२८ जून

भिंगरी,

तुझं पत्र मामीने दोनदा वाचलं आणि माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. तिची कुरकुर थांबली की मला जास्त भीती वाटते.

ऐक. संघ म्हणजे मोट बांधलेली असते. एकाने दोर सोडला की सगळे सुटतात. तू उभी राहिलीस तर उद्या दहाजण म्हणतील, अध्यक्षांच्या भाचीला चालतं. नोटीस मलाच काढावी लागेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला त्या जागी आणू नकोस. हे मी अध्यक्ष म्हणून सांगत नाही.

मामा

९ जुलै

मामा,

जामीन झाला.

वीस मिनिटं लागली. यंत्रं चोरीला गेली त्या दिवशी ती कामावर नव्हती, आणि हे कारखान्याच्या स्वतःच्या हजेरीपटातच लिहिलंय. हजेरीपट फाइलमध्ये आठ महिने पडून होता. सरकारी वकिलांनीही तो आज पहिल्यांदा पाहिला. भला माणूस आहे, मान खाली घालून म्हणाला, आमची हरकत नाही.

मी उठले तेव्हा आपली मंडळी एकेक करून कोर्टाबाहेर गेली. ज्यांच्याबरोबर रोज चहा पिते ती सुद्धा. परत आले तर बार रूममधल्या माझ्या टेबलावरची पुस्तकं पॅसेजमध्ये आणून ठेवलेली होती. नीट रचून ठेवली होती म्हणा. आता जिन्याखाली बाकावर बसते. उजेड बरा आहे.

शिवणवाली संध्याकाळी घरी पोचली. शेजारणीने तिला आईच्या गोळ्यांच्या वेळा समजावून सांगितल्या.

आता काढ नोटीस. मी रागावणार नाही.

भिंगरी

१२ जुलै

सौ. नव्हे, कु. नव्हे, सभासद क्र. ३१२ यांस,

संघाच्या ठरावाचा भंग करून दि. ९ जुलै रोजी आपण मोफत मदतीच्या प्रकरणात हजर राहिलात. आपले सभासदत्व रद्द का करू नये याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.
अध्यक्ष, वकील संघ

(वरचा मजकूर टंकलेखक बाईंनी केलाय, पहिली ओळ माझी. गंमत करायला गेलो, जमली नाही. तीनदा पेन उचललं आणि चौथ्यांदा सही केली. जामीन झाला हे वाचून बरं वाटलं, तेही लिहून ठेवतो. — मामा)

१८ जुलै

मामा,

अध्यक्षांना खुलासा वेगळा पाठवलाय. दोन ओळींचा आहे: मी हजर राहिले, पुन्हा वेळ आली तर पुन्हा राहीन. हे पत्र अध्यक्षांना नाही, तुला आहे. सोबतचा कागदही तुलाच. खुलाशात मी त्याचा एक शब्द काढलेला नाही आणि काढणारही नाही. तो कुणाला दाखवायचा की चुलीत घालायचा, ते तू ठरव.

मी तुझ्याशी खोटं बोलले. निकालाबरोबर दप्तरदारणीने सायकलवाल्याचं सगळं बाड माझ्यापुढे टाकलं होतं. रोजनामा त्यात होता आणि मी तो तिथेच बाकावर बसून वाचला. वाचला नसता तर बरं झालं असतं, असं महिनाभर वाटत होतं.

तो सव्वीस महिने आत होता, मामा. तू गोष्ट सांगायचास त्यात हे कधीच नसायचं. तू लपवत होतास असं मला वाटत नाही. तुला खरंच माहीत नसावं. आपण खटला निकालाने लक्षात ठेवतो, आणि निकाल चांगला होता.

एकूण तेवीस तारखा. सहा वेळा न्यायाधीश रजेवर किंवा वेळ नाही. पाच वेळा साक्षीदार आला नाही. अकरा वेळा एकच ओळ आहे, "आरोपीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर." त्या अकरांपैकी चार तारखांना साक्षीदार हजर होता. तशी नोंद आहे. पहिल्यांदा तो आला तेव्हा सायकलवाल्याला आत जाऊन फक्त पाच महिने झाले होते. तेविसाव्या तारखेला त्याची साक्ष झाली ती अर्ध्या तासात. चेहरा दिसला नव्हता म्हणाला, आणि त्याच दिवशी सुटका. म्हणजे जे सव्विसाव्या महिन्यात झालं ते पाचव्यात झालं असतं.

मी त्याचं दुकान शोधलं. तो आता नाही. दुकान त्याची मुलगी चालवते, पंक्चर काढता काढताच बोलली. वडील तुरुंगात गेले तेव्हा ती रांगत होती. परत आले तेव्हा दारात उभं राहून तिने आईला हाक मारली, "कुणी काका आलेत." हे ती हसत सांगते, त्यांच्या घरातला तो विनोद झालाय. आणि म्हणाली, बाबा तुमच्या मामांना शेवटपर्यंत दुवा देत होते. देवमाणूस म्हणायचे.

मी तिला काही सांगितलं नाही. सांगायचं असेल तर ते माझं काम नाही.

एक मात्र खरं. त्या चार तारखांना तू वाईट माणूस नव्हतास. तुला फक्त दुसरीकडे काम होतं, आणि काय बिघडतं असं वाटलं.

भिंगरी

१० ऑगस्ट

भिंगरी,

तीन आठवडे लिहिलं नाही. तुझ्यावर रागावलो असं वाटलं असेल. चार दिवस रागावलो होतोच, खोटं कशाला बोलू. मग मामीने माळ्यावरच्या जुन्या डायऱ्या काढून दिल्या. वकिलाची डायरी खोटं बोलत नाही, कुठल्या दिवशी कुठे होतो ते सगळं तीत असतं.

चार तारखा पाहिल्या. पहिलीला एका पैसेवाल्या पक्षकाराचं काम मोठ्या कोर्टात होतं. दुसरीला नव्या न्यायाधीशांचं स्वागत. तिसरीला संघाची निवडणूक, मी सचिवपदाला उभा होतो आणि निवडूनही आलो. चौथ्या तारखेचं पान कोरं आहे. भिंगरी, पहिल्या तिन्हींचं समर्थन मला मिनिटभरात करता येतं, पोट भरलंय त्याच्यावर. कोऱ्या पानाचं काही करता येईना. त्या दिवशी मी बहुधा नुसता गेलो नाही. तीन तासांचा प्रवास, कंटाळा आला असेल.

काल सर्वसाधारण सभा झाली. सरकारकडे जायचं म्हणणं मंजुरीला होतं. मी उभा राहिलो, पहिलं पान काढून ठेवलं आणि त्याच्या जागी रोजनामा वाचला. अकराही ओळी, तारखेसकट, आणि त्या चार तारखांना मी कुठे होतो तेही. कोरं पानही वाचलं. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून एकजण म्हणाला, "साहेब हळवे झालेत." मी म्हटलं, झालो, एकतीस वर्षं उशीर झाला. दुसऱ्याने विचारलं, हे सगळं भाचीची नोटीस मागे घेण्यासाठी का? मी म्हटलं, नोटीस कायम आहे, तिने खुलासा दिलाय आणि तो नियमाप्रमाणे अपुरा आहे. तुझं सभासदत्व काल गेलं. ठरावावर सही माझी आहे.

मग मी नवं म्हणणं मांडलं. पगारी वकिलाबद्दलची माझी भीती गेलेली नाही, पण तेवढ्यासाठी योजनेला नकार द्यायचा नाही, अटी घालायच्या. कार्यालय सरकारच्या नव्हे, कोर्टाच्या अखत्यारीत असावं. एका वकिलाकडे किती खटले, याला मर्यादा हवी. आणि रोजनाम्याची प्रत दर महिन्याला आतल्या माणसाला मिळावी, त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी. तोवर बहिष्कार बंद. मतं पडली, चौऱ्याहत्तर विरुद्ध, एक्केचाळीस बाजूने. हरलो. पण त्या एक्केचाळीसजणांनी वेगळं निवेदन म्हणून सह्या केल्या, आणि आज ते सरकारकडे गेलं. त्यातले निम्मे पंधरा-वीस वर्षं माझ्याविरुद्ध मत देत आलेत.

आज सकाळी तुझ्या कोर्टात मोफत मदत मागणाऱ्या तीन आरोपींसाठी वकीलपत्रं भरून पाठवली. दुपारी ठराव मोडला म्हणून माझ्याच नावाने नोटीस काढली. अध्यक्ष मी, सभासद मी. शिपायाने एकाच टेबलावर आधी जावक म्हणून सही घेतली आणि मग पोच म्हणून. गंभीर चेहऱ्याने विचारत होता, "साहेब, खुलाशाला पंधरा दिवस घेणार का?" म्हटलं, नको. लगेच लिहून दिला आणि राजीनामाही.

मामा

१५ ऑगस्ट

मामा,

पत्र काल जिन्याखाली वाचलं. मग उठून कोर्टाला एक चक्कर मारून आले, कारण तिथे लोक येत-जात होते आणि माझं नाक वाहत होतं.

तू नोटीस मागे घेतली असतीस तर मला राग आला असता. तू घेतली नाहीस याचाही थोडा आला. दोन्ही लिहून ठेवते.

बाकावर जागा केलीय. तुझ्या तिघांपैकी दोघांचे कागद मी वाचलेत, तिसऱ्याचे कागदच सापडत नाहीत, दप्तरदारीण शोधतेय. एकच अट. मुदतीचा अर्ज माझ्या बाकावरून जाणार नाही. आजारी पडलास तरी नाही. मी उभी राहीन, पण तारीख चुकायची नाही.

सायकलवाल्याच्या मुलीकडे जाशील का?

भिंगरी

२ सप्टेंबर

भिंगरी,

तू परवा दुसऱ्या कोर्टात अडकली होतीस म्हणून भेट झाली नाही. मी आलो होतो.

आधी दुकानात गेलो. रोजनाम्याची प्रत तिच्या हातात दिली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने हात पुसून कागद वाचला, बराच वेळ. मग म्हणाली, "बाबांना हे कळलं नाही ते बरं झालं." मी जायला निघालो तर म्हणाली, "पण मला कळलं तेही बरं झालं." कागद तिने ठेवून घेतला. मला देवमाणूस म्हणाली नाही. चहाही विचारला नाही, आणि ते योग्यच झालं.

तिथून तुरुंगात गेलो. ज्याचे कागद सापडत नाहीत त्या तिसऱ्याला भेटलो. जाळी तू लिहिलीस तशीच आहे. मी या कामात चाळीस वर्षं आहे, आणि आरोपी समोर आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, कलम कुठलं? या वेळी विचारलं, किती दिवस झाले? तो म्हणाला, "आधी मोजत होतो साहेब. कुणी विचारेना, मग सोडून दिलं." मग आम्ही दोघं जाळीच्या दोन बाजूंनी बोटं घालून मोजत बसलो. पाऊस कधी होता, थंडी कधी पडली, असं करत करत. तो म्हणाला दीडशे असतील. निघाले दोनशे सतरा.

कागद नसले तरी कोर्टाच्या नोंदवहीत त्याची तारीख आहे, बुधवारी सकाळी, आणि साक्षीदाराला समन्स पोचलंय. मी मंगळवारीच येऊन राहतो. माझी गादी बाहेरच्या खोलीत टाक, मी घोरतो.

मामा